हरणीसोबत बेळगावच्या कोरड्या पट्ट्यात

बेळगावात राहणाऱ्याला आपला जिल्हा पावसाचा वाटतो, आणि खानापूर-कणकुंबीच्या बाजूला तो तसा आहेही. पण शहर सोडून पूर्वेला निघा. तासाभरात झाडं विरळ होतात, लाल माती मागं पडून काळी सुरू होते आणि बैलहोंगल ओलांडलं की नजरेला आडवं येईल असं फारसं काही राहत नाही. याला वाळवंट म्हणता येणार नाही, वाळू इथं फक्त नदीत. पण ढगांचं बहुतेक पाणी सह्याद्रीनंच उतरवून घेतलेलं असतं. सौंदत्ती, मुधोळ, अथणी या भागाला वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटरवर भागवावं लागतं. फेब्रुवारी संपत आला की दुपारी गाडीच्या पत्र्याला हात लावून बघा, टिकत नाही.

या पट्ट्यातनं आम्ही आमची कॅम्पर व्हॅन घेऊन फिरलो. आम्ही म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ आणि हरणी. हरणी आमची कुत्री, कारवान या शिकारी जातीची, मुधोळच्या बाजूची. रंग वाळल्या कडब्याचा, पाय लांब, कंबर इतकी बारीक की नवीन माणूस विचारतोच, हिला खायला घालत नाही का? मला तिचा मुलूख तिच्यासोबत बघायचा होता. तीन वर्षांची होईपर्यंत तिनं टिळकवाडीच्या गल्ल्या आणि रेसकोर्सच्या बाजूचं मैदान एवढंच पाहिलं होतं.

गाडी मूळची टेम्पो ट्रॅव्हलर. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही ती आतून नवी करून घेतली. मागं पलंग, बाजूला दोन शेगड्यांचा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी, छतावर सोलर पॅनेल, त्यावर चालणारे पंखे आणि दिवे. एसीही आहे, पण तो इंजिन चालू असताना किंवा वीज जोडून मिळाली तरच चालतो. माळावर वीज कोण देणार? त्यामुळे सगळा प्रवास या एका गोष्टीवरनं आखला.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंज्यांच्या गाद्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी उष्णता ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतं. भोवतालची हवाच तापलेली असेल तर धापा टाकूनही उपयोग होत नाही. बाहेर ३५ अंश असतील तर बंद गाडीच्या आत अर्ध्या तासात पारा पन्नाशी ओलांडतो, काच दोन बोटं खाली ठेवली तरी फार फरक पडत नाही. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळात ३८ ते ३९ असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. म्हणून आमचा नियम एकच होता. हरणी गाडीत असेल तर आमच्यापैकी एक जण गाडीत, दार उघडं. दोघांनी मिळून काही बघायचं नाही, एकानं जायचं, मग दुसऱ्यानं. पहाटे पाचला निघायचं, नऊ-साडेनऊला सावली गाठायची, चार वाजेपर्यंत हलायचं नाही, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला लागायचं.

गुरुवार : बैलहोंगल, सौंदत्ती

सांबऱ्याचा विमानतळ मागं टाकला तेव्हा अजून काळोखच होता. नेसरगीवरनं आत वळून बैलहोंगलला पोचेपर्यंत तांबडं फुटलं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी इथं आहे. १८२४ साली कंपनीच्या फौजेशी लढल्या, पकडल्या गेल्या आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच गेल्या. आधी भाऊ जाऊन आला, मग मी. तोवर हरणीनं बाहेरच्या कडुनिंबाखाली तिथल्या एका काळ्या कुत्र्याशी ओळख करून घेतली होती.

सौंदत्तीच्या अलीकडं मलप्रभेच्या धरणाजवळ, नवीलतीर्थाच्या बाजूला, चिंचेची जुनी झाडं बघून गाडी लावली. दारं दोन्हीकडची उघडली, पश्चिमेला ताडपत्री ताणली, खाली ओलं पोतं अंथरलं. पोत्यावर हरणी पोट टेकून पसरली ती दुपार उतरेपर्यंत उठली नाही. गाडीला सावली करायची तर झाड आत्ता कुठं सावली देतंय हे बघून चालत नाही, दोन वाजता कुठं देईल हे बघावं लागतं. सकाळी नऊला दाट सावलीत लावलेली गाडी बारा वाजता सपाट उन्हात उभी असते.

साडेचारला मी रस्त्यावर गेले आणि हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवली. पाच-सात सेकंद ठेवता आली तरच कुत्र्याला चालवायचं. मी दोनपर्यंतही मोजू शकले नाही. हवा २५ अंशांवर असली तरी उन्हातलं डांबर पन्नाशीच्या घरात असतं, आणि त्या दिवशी हवाच ३४ ला होती. मग रस्ता सोडून तलावाच्या काठच्या मातीवरनं फिरलो. माती लवकर निवते.

संध्याकाळी यल्लम्माच्या डोंगरावर आळीपाळीनं जाऊन आलो. माघी पुनवेची जत्रा होऊन गेली होती, तरी कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या होत्याच. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, देवीचा वार, म्हणून लोक आदल्या रात्रीच आले होते. जोगुळबावीवर आंघोळी उरकून, कपाळभर भंडारा लावून बायका चढत होत्या आणि मधूनच एखादी ‘उदं गं आई उदं’ म्हणून हाक उठायची. खाली उतरले तेव्हा आमच्या गाडीशेजारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत राधानगरीकडचं एक कुटुंब चूल मांडून बसलं होतं. त्यांचीही घरासकट निघालेलीच गाडी. ट्रॉलीवर ताडपत्रीचं छप्पर, आत गाद्या, भांडी, पाण्याचं पिंप. त्या घरातल्या आजींनी हरणीकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ही काय बिबट्याच्या मागं लावायची जात हाय का?” मी म्हटलं, सशाच्या मागं लावायची. त्यांनी लगेच नातवाला दटावलं, “बघ, हिला दगूड मारायचा न्हाई. गुणाची हाय.” आणि मला भाकरी आणि कारळ्याची चटणी दिली.

मुक्काम डोंगराखाली एका शेतकऱ्याच्या खळ्याशेजारी केला. विचारल्याशिवाय कुणाच्या रानात गाडी घालायची नाही. विचारलं तर नाही म्हणणारा माणूस आम्हाला अख्ख्या वाटेत भेटला नाही. रात्री वस्तीवरची कुत्री येऊन भुंकत राहिली. नव्या जागेत हरणीला रात्री बाहेर बांधायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं, ती आत पलंगाखाली होती. तासाभरात बाहेरची कंटाळून गेली.

शुक्रवार : यरगट्टी, लोकापूर, मुधोळ

हा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो.

यरगट्टीवरनं लोकापूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य वर यायचा होता आणि दोन्ही बाजूंना रब्बीच्या जोंधळ्याची काढणी चालली होती. या भागात पहाटे रस्त्यावर असलं की शेतं रिकामी दिसत नाहीत. बायका सहा वाजताच ओळीनं बसलेल्या होत्या, कणसं खुडून पाटीत पडत होती, मागं कडब्याच्या पेंढ्या बांधल्या जात होत्या. दहाला याच रस्त्यानं गेलो असतो तर फक्त उभा-आडवा कडबा दिसला असता, माणूस नाही. मी या रस्त्यानं पूर्वी कारनं गेले आहे, दुपारची, काचा वर करून, आणि ओसाड भाग आहे असंच माझं मत होतं. ते मत या पहाटेनं पार बदललं. हरणीच्या जिवासाठी म्हणून जे वेळापत्रक आम्ही आखलं होतं तेच इथल्या प्रत्येक शेतकऱ्याचं आणि धनगराचं आहे.

लोकापूरच्या पुढं आडवाटेनं एका वस्तीवर गेलो. हरणी इथली. ज्यांच्याकडनं तिला दोन महिन्यांची असताना आणलं त्या धनगर आजोबांना आदल्या दिवशी फोन केला होता. ते बांधावर येऊन उभेच होते. “बर्री, बर्री, यावा की!” त्यांचं बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि कुठलं वाक्य कुठं वळेल ते सांगता येत नाही. मेंढरं घेऊन मिरज-जतपर्यंत जाण्यात त्यांचं आयुष्य गेलंय.

त्यांनी आमच्याकडं नंतर बघितलं. आधी हरणीला हात लावला. बरगड्यांवरनं बोटं फिरवली, पाठीच्या शेवटची दोन हाडं चाचपली आणि मान हलवली. “एवडी हाडं दिसायलाच पायजेत. हिच्या अंगावर चरबी चढली की संपलं.” मग खाली बसले, तिचा पुढचा डावा पाय मांडीवर घेतला आणि पंजाच्या गाद्या अंगठ्यानं एकेक करून उघडल्या. मधल्या दोन बोटांच्या फटीत गवताचं कुसळ घुसलेलं होतं, जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढं, टोक आतल्या बाजूला. मी सकाळीच पाय बघितले होते, त्यामुळे हे यरगट्टीनंतरच्या थांब्यावर लागलेलं असणार. आजोबांनी दोन नखांत धरून ते ज्या वाटेनं आत गेलं होतं त्याच वाटेनं मागं, सरळ ओढलं. आडवं ओढलं तर मोडून आत राहतं आणि मग चालत चालत मांसात वर सरकतं, तिथं पू होतो. त्यानंतर उरलेले तीन पाय बघितले, मग कान उलटे करून आतून बघितले, मग शेपटीखाली. “कुसळ, काटा आन् गोचीड. हेच्यावर नजर ठेवली की कुत्रं म्हातारं हुतंय.” काटा म्हणजे वेड्या बाभळीचा. या माळांवर ती इतकी पसरलीय की काठी फिरवून बघितल्याशिवाय मी हरणीला कुठल्याही झुडपाजवळ जाऊ दिलं नाही. काठीचं दुसरं कारण फुरसं, हा विषारी साप. ते मातीच्याच रंगाचं असतं, दगडाखाली, झुडपाखाली असतं आणि वाट सोडून सरकत नाही.

अकरा वाजले तसा माळ गप्प झाला. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली. आजोबांची कुत्री गोठ्याच्या भिंतीकडंला जमीन उकरून ओल्या मातीत पडली. मी विचारलं, कारवानाला ऊन बाधत नाही म्हणतात, खरं का? ते म्हणाले, “कोण म्हनतंय? ऊन सगळ्यास्नी बाधतंय. ही जात दुपारी उठतच न्हाई, म्हनून टिकलीया.” पळण्यासाठी घडलेलं हे कुत्रं. छाती खोल, अंगावर मांस कमी, केस आखूड, कातडी पातळ. थोडं अंतर वाऱ्यासारखं कापतं आणि मग बसतं. त्याला उन्हात दिवसभर पळवणारा माणूस त्याला ओळखत नाही.

जेवायला जोंधळ्याची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. हरणीला ताकात कालवलेली आंबील, मीठ न घालता. तिची आई अजून आहे. नाक पांढरं झालंय, मागचा पाय ओढते. दोघींना समोर आणलं. हुंगलं एकमेकींना, शेपट्या दोनदा हलल्या, आणि म्हातारी परत आपल्या खड्ड्यात जाऊन पडली. हरणी थोडा वेळ उभी राहिली आणि मग तिच्याच शेजारी, हातभर अंतरावर, उकरायला लागली. घरी तिनं कधी जमीन उकरलेली नाही.

संध्याकाळी मुधोळात शिरलो. घटप्रभेकाठचं हे गाव कन्नडच्या जुन्या थोर कवींपैकी रन्नाचं, आणि पुढं घोरपड्यांच्या संस्थानाचं. इथल्या बेरडांकडची शिकारी कुत्री बघून मालोजीराजे घोरपड्यांनी ती जोपासली, जोडी इंग्लंडला पंचम जॉर्जला भेट दिली आणि तेव्हापासून कारवानाला ‘मुधोळ हाउंड’ हे नाव जगात चिकटलं. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत हा होता. जवळच तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे. पण मला वाटतं ही जात खरी टिकवली ती आजोबांसारख्यांनी, ज्यांच्या घरात राजाश्रय कधी गेला नाही आणि मेंढरांसाठी कुत्रं लागतच होतं. आता पिल्लाला शहरात चांगली किंमत येते म्हणून अनेक जण पैदास करतात. घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. फ्लॅटमध्ये दिवसभर कोंडून ठेवायचं असेल तर ही जात नका घेऊ. आणि मोकळं मैदान कुंपणाचं नसेल तर पट्टा सोडू नका. नजरेत काही हललं की याला हाक ऐकू येत नाही.

शनिवार : जमखंडी, चिक्कपडसलगी, तेलसंग

जमखंडी पटवर्धनांचं संस्थान. गाव जागं व्हायच्या आधीच ओलांडलं. मुधोळ, जमखंडी, सांगलीचे तुकडे अशा संस्थानी गावांची माळ या पट्ट्यात आहे. १९४८ मध्ये ती मुंबई राज्यात गेली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, विजापूर, धारवाडसकट तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. घराघरांतल्या मराठीला त्यानंतर कुणी विचारलं नाही, तरी ती अजून आहे. जमखंडीच्या चहाच्या गाड्यावर मी कानडीत चहा मागितला आणि गाडीवाल्यानं आमच्या नंबरप्लेटकडं बघून मराठीत विचारलं, “बेळगावातनं काय? कुत्र्याला दूध देऊ?” दिलं, पैसे घेतले नाहीत.

चिक्कपडसलगीला कृष्णेवर थांबलो. इथला बंधारा शेतकऱ्यांनी बांधला आहे. सरकार बांधेल म्हणून वाट बघून थकलेल्या नदीकाठच्या लोकांनी सिद्दू न्यामगौडा यांच्या पुढाकारानं स्वतःचे पैसे आणि स्वतःची मेहनत घातली आणि १९८९ मध्ये पाणी अडवलं. त्याला श्रमबिंदू सागर म्हणतात. दोन्ही तीरांवरचा हिरवा ऊस बघितला आणि मागं टाकून आलेला पिवळा माळ आठवला की चार हात पाण्यानं काय होतं ते कळतं.

हरणीला पाणी बघून खाली जायचं होतं. काठावर जाळं सुकवणारा माणूस लांबूनच ओरडला, “अक्का, कुत्रं सोडू नका, मगर हाय!” कृष्णेत मगरी आहेत हे आम्हाला माहीत होतं, अंकली-मांजरीपासून खालपर्यंत त्या दिसतात, आणि काठावर पाणी पिणारं कुत्रं त्यांना सोपं पडतं. बादलीनं पाणी वर आणून तिला भिजवलं. पोट, जांघा आणि पंजे भिजवायचे. पाठीवर ओतलेलं पाणी बरंचसं केसांवरनं ओघळून जातं. पाणी साधं हवं, बर्फाचं नको.

सावळगीवरनं उत्तरेला निघालो तसा ऊस परत संपला आणि तेलसंगच्या बाजूला द्राक्षबागा आणि हिरव्या जाळ्यांची बेदाणा शेडं दिसायला लागली. इथंच मला सगळ्यात जास्त काळजी होती. द्राक्ष आणि बेदाणा माणसाला पौष्टिक, कुत्र्याला विष. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. किती खाल्ल्यावर बाधतं याचा नेम नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं चार दाण्यांत जातं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याच्या मुळाशी असावं असं अलीकडं तज्ज्ञ सांगतात. बेदाण्यात पाणी उडालेलं असतं, म्हणून तो द्राक्षापेक्षा वाईट. आणि हा हंगाम म्हणजे ऐन बेदाण्याचा.

ज्या बागायतदारांकडं दुपार काढायची ठरली होती त्यांना मी आल्या आल्या हे सांगितलं. गाडी शेडपासून लांब, आंब्याच्या झाडाखाली लावली. हरणीला हार्नेस घातला आणि पट्टा भावाच्या हातात दिला. मी शेड बघायला गेले.

घडांच्या पाट्या उतरत होत्या. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल कालवलेल्या पाण्यात घड बुडवून काढायचे. त्यानं द्राक्षाच्या सालीवरचं मेण सैल होतं आणि आतलं पाणी लवकर सुटतं. मग तारेच्या जाळ्यांवर, एकावर एक अशा मजल्यांत, पसरायचे. ऊन थेट लागू द्यायचं नाही, वारा मात्र आरपार हवा. दोन आठवड्यांत माल तयार. चार किलो द्राक्षांतनं एक किलो बेदाणा. खालच्या जाळीला एक बाई हात घालून दाणे वरखाली करत होत्या. मी एक दाणा घेतला. अजून मऊ, आत साखरेचा पाक, बाहेर मेणचट. त्या म्हणाल्या, आज रात्री वारा पडला तर काळा पडेल, नुसता वारा हवा, ढग नको. अवकाळीचं एक शिंतोडं आलं की वर्षाची कमाई पडते. जाळीबाहेर त्या आकाशाकडं बघत होत्या तेव्हा मीही बघितलं. निरभ्र होतं.

तेवढ्यात शेडवरचा एक पोरगा मूठभर बेदाणे घेऊन आमच्या गाडीकडं धावला. पाहुण्याच्या कुत्र्यालाही काहीतरी द्यावं एवढंच त्याच्या मनात. भावानं त्याला जवळ बसवून समजावलं. पोरगा म्हणाला, “आमचं कुत्रं तर खातंय.” त्याचं कुत्रं नशीबवान आहे, असं सांगून भावानं त्याला हरणीची भाकरी दिली आणि त्याच्या हातनं खायला घातली. बेदाणे खिशात गेले. संध्याकाळी बागायतदारांनीच पोराला बोलावून सांगितलं की इथनं पुढं आपल्या कुत्र्यालाही द्यायचे नाहीत. मला बरं वाटलं.

या घरात बागायतदारांच्या बायकोचं माहेर जतचं, सुनेचं विजापूरचं. पलीकडं सांगली जिल्ह्याचा जत तालुका लागतो. तिथंही हीच माती, हाच दुष्काळ, हेच बोअरचं खोल खोल जाणारं पाणी. रात्री जेवायला अंगणात बसलो तेव्हा सासू मराठीत, सून कानडीत आणि नातवंडं दोन्हींत बोलत होती, कुणी थांबून जुळवून घेत नव्हतं. सीमाप्रश्नावर आम्ही बेळगावकर जन्मापासून बोलत आलोय आणि माझी मतं पक्की आहेत. आपल्या भाषेत शाळा, आपल्या भाषेत कागद मिळावा हा हक्क आहेच. पण त्या अंगणात मला कुणी परकं केलं नाही, हेही लिहायला पाहिजे.

रात्र चांगलीच गार. दिवसा ३५-३६ आणि पहाटे अंगावर चादर लागते, काळ्या रानाचं हेच आहे. हरणीच्या अंगावर केस कमी, म्हणून तिला आपला सदरा घालावा लागला.

रविवार : अथणी, कुडची, निपाणी, घर

अथणीला मदभावीच्या बाजूला चपला करणाऱ्यांकडं थांबलो. कोल्हापुरी म्हणून जी चप्पल आपण घालतो तिच्यातली कितीतरी या बाजूला, अथणी-निपाणीच्या पट्ट्यात बनते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्राच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरसोबत कर्नाटकातले बेळगाव, विजापूर, बागलकोट, धारवाड हे जिल्हेही त्यात आले. चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. घरातले पुरुष तळ कापत होते, बायका वेणी घालत होत्या. हरणीला त्या वासानं इतकं खेचलं की तिला अंगणाबाहेरच ठेवावं लागलं. मी भावासाठी एक जोड घेतला. घासाघीस केली नाही, एका जोडामागं किती हात लागतात ते समोर दिसत होतं.

उगारवरनं कुडचीच्या पुलानं कृष्णा ओलांडली आणि चिकोडीकडं निघालो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ओळीनं कारखान्याकडं चालले होते, मागं ना दिवा ना चमकणारी पट्टी. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा आमचा नियम किती बरोबर होता ते दिवसाउजेडीच पटलं.

दुपार चिकोडीच्या अलीकडं वडाखाली काढली, संध्याकाळी निपाणी. तंबाखूचा वास गावात शिरताना येतोच. याच गावालगत हमरस्त्यावर १९८१ मध्ये शरद जोशींसोबत तंबाखूचे शेतकरी ठाण मांडून बसले होते, आंदोलननगर उभं राहिलं होतं, आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. तिथनं जाताना मी गाडी हळू घ्यायला सांगते, नेहमीच.

संकेश्वरवरनं चौपदरी रस्त्यानं बेळगावला आलो. घरी पोचल्या पोचल्या अंगणात हरणीला पुसून काढलं आणि दिव्याखाली बोटांच्या फटी, कानाचे आतले भाग, काखा बघितल्या. कानामागं एक गोचीड सापडली. चिमट्यानं कातडीलगत धरून काढली आणि सोमवारी दवाखान्यात रक्त तपासायला दिलं, गोचीड तापाची शंका राहू नये म्हणून. डॉक्टरांनी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासायला सांगितलं, तेही केलं. दोन्ही रिपोर्ट चांगले आले.

आजोबांना फोन करून कळवलं. त्यांनी संक्रांतीच्या सुमाराला यायला सांगितलंय, तेव्हा हुरडा असतो आणि ऊनही कमी. हरणीला घेऊनच या म्हणाले.